साहेबी रामराम

"बाबा, नुसतं हॅलो म्हणा, झालं," असं रीनानं फोनवर परोपरीनं सांगितलं होतं. देवरावांना ते पटलं नाही. मुलीचा होणारा सासरा विलायतेहून पहिल्यांदा दारात येणार आणि त्याला हॅलो?

"हॅलो तर मी वाडीच्या गोदामातून ट्रकवाल्यालेबी म्हणतो," ते बायकोला म्हणाले. "व्याह्याले त्याच्या रीतीचा रामराम पाहिजे."

पुष्पलताबाईंची काळजी वेगळी होती. रीना आणि मार्कनं आपसात ठरवलं होतं, पण मार्कचे वडील, रॉन, अजून हो म्हणाले नव्हते. आई वारल्यापासून मार्क बापाच्या शब्दाबाहेर नव्हता. आता बाप माणसं बघायला येत होता.

साहेबी रीतीचं ज्ञान अख्ख्या गल्लीत शेजारच्या म्हाताऱ्या बापूजींकडेच होतं. तरुणपणी ते सिव्हिल लाइन्समधल्या एका क्लबात होते. मँगनीजच्या खाणीतले उरलेसुरले गोरे साहेब तेव्हा तिथं संध्याकाळी जमत. क्लबात 'होते' म्हणजे नेमके कोण होते, हे बापूजींनी कधी सांगितलं नाही आणि त्यांचा कोट बघून कुणी विचारलंही नाही.

बापूजींनी आठवडाभर शिकवणी घेतली. भेटल्याबरोबर 'व्हॉट हो, ओल्ड बीन!' पेला पुढे करताना 'चिन-चिन!' आणि पाहुणा उठला की 'टूडल-पिप!'

"ओल्ड बीन म्हणजे काय जी?" पुष्पलताबाईंनी विचारलं.

"जुनी शेंग."

"अवो, व्याह्याले शेंग काहून म्हणता?"

"साहेब लोकांत ते लाडाचं आहे. मोठ्या घरचे लोक एकमेकाले असंच म्हणत."

रीना आणि मार्कबरोबर रॉन आले. उंच, रापलेले, गळ्यात टाय, हातात बिस्किटांचा डबा. डबा मार्ककडे देऊन त्यांनी हात जोडले आणि बहुधा विमानात घोकलेला शब्द जपून उच्चारला, "नमस्कार."

"व्हॉट हो, ओल्ड बीन!" देवराव गरजले.

रॉनचे हात जोडलेलेच राहिले. त्यांना ऐकू आलं नसावं असं वाटून देवरावांनी त्यांच्या पाठीत थाप मारली आणि तेच आणखी मोठ्यानं म्हटलं. रीनानं बापावर डोळे वटारले. देवरावांना वाटलं, पोरगी कौतुकानं बघतेय. त्या हुरूपानं त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला, "चिन-चिन, ओल्ड बीन!" कोपऱ्यातल्या खुर्चीवर बापूजी समाधानानं मान डोलवत होते.

रॉननी तर्री-पोह्यांची बशी न चाखताच खाली ठेवली. मार्क आणि रीनाशी हलक्या आवाजात काही बोलले आणि उठले.

आपल्याकडे पाहुणा उठला की 'बसा हो, काय घाई आहे' म्हणून त्याला खाली बसवायचं असतं. मनापासून निघालेला पाहुणासुद्धा दोनदा बसल्याशिवाय जात नाही. देवरावांनी जन्मभर हेच केलं होतं. पण त्या दिवशी ते साहेबी रीतीत होते. पाहुणा उठलेला दिसताच त्यांनी हसून हात हलवला.

"टूडल-पिप!"

रॉन सरळ फाटकाकडे चालू लागले. मार्क त्यांच्यामागे धावला.

"बाबा, काय करून राहिले तुम्ही!" रीनाला रडू फुटलं. "बस चालवत होते ते जन्मभर. त्यांची आई एका बड्या घरात भांडी घासे. हे शब्द त्या घरच्या मालकांचे. ते म्हणतात, या लोकांनी मले हसण्यासाठी बोलावलं काय?"

देवरावांचा चेहरा खर्रकन उतरला. एवढ्या प्रेमानं घोकलेला शब्द असा लागेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ते बापूजींकडे वळले.

बापूजी उठले. काठी टेकत फाटकापाशी गेले.

"रीना, त्यायले सांग. यात देवरावची चूक नाही. मी क्लबात ट्रे घेऊन फिरत होतो. हे शब्द मी दारापाशी उभा राहून ऐकले. मले कोणी म्हटले नाहीत. ते लोक एकमेकाले असं म्हणून इतके खूश होत, की मले वाटलं, चांगलेच असतील. चांगल्या पाहुण्यासाठी जपून ठेवले."

रीनानं डोळे पुसत एकेक वाक्य समजावलं. रॉननी म्हाताऱ्याकडे बघत फाटकाची कडी सोडली. मग ते परत आले, गार झालेले पोहे त्यांनी संपवले आणि तर्रीनं नाकाडोळ्यांतून पाणी येत असताना आणखी मागितले.

संध्याकाळी रॉन निघाले तेव्हा पुष्पलताबाईंनी त्यांना रीनाकरवी बजावलं, "जातो म्हणायचं नसते म्हणा. येतो म्हणायचं."

"येतो," रॉन म्हणाले आणि रीनाच्या डोक्यावर हात ठेवला. पुष्पलताबाईंना आणखी काही विचारायची गरज उरली नाही. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मग रॉन बापूजींसमोर ताठ उभे राहिले.

"टूडल-पिप, ओल्ड बीन."

त्याचं उत्तर बापूजींनी गल्लीतल्या पोरासोरांनासुद्धा शिकवलं होतं. पण त्यांचे हात आपोआप मांड्यांना चिकटले, मान खाली गेली आणि तोंडातून निघालं, "गाडी बोलवू, सर?"

कुणी हसलं नाही. रॉननी त्यांचा हात हातात घेतला. "नो, सर," म्हणाले आणि बापूजींना खुर्चीवर बसवून आपणही शेजारी टेकले.

"बसा हो," देवराव मागून म्हणाले, "काय घाई आहे!"