आप्पांचं रविवारचं चालणं

त्या रविवारी संध्याकाळी महालिंगप्पा उंबऱ्यात उभ्या उभ्याच म्हणाले, "रिक्षानं आलीस वाटतं बाजारातून?"

"भाजी जड होती, आप्पा," शिवप्रिया म्हणाली.

"मी येडशीचं रान पायाखाली घालून वर वऱ्हाडाच्या माळावर जाऊन आलो. ह्या वयात. अन् तुला दोन गल्ल्या जड झाल्या."

शिवप्रियाने भाजी आत नेऊन ठेवली. धाराशिवच्या एका वाचनालयात ती ग्रंथपाल होती. वाचन इतकं दांडगं की कुठल्याही टोमण्याला तिच्याकडे चार उत्तरं असायची. पण ती सुचायची रात्री अंथरुणात पडल्यावर. तिने आप्पांची पॅन्ट घेतली आणि नेहमीप्रमाणे दिव्याखाली बसून तिच्यात रुतलेली कुसळं वेचायला लागली. वाळल्या गवताची ती टोकदार कुसळं म्हणजे आप्पांच्या रविवारची हजेरी. पहिल्या एसटीने एकट्याने निघायचं, जंगल पार करायचं, माळ चढायचा आणि दिवेलागणीला घरी. त्या माळावर कुणी जुन्या काळच्या माणसांनी मांडलेले दगडांचे मोठमोठे गोल आहेत. लग्नाला निघालेलं वऱ्हाड तिथे दगड होऊन बसलं, असं आसपासची माणसं सांगतात.

"आज वर वारा लई होता," आप्पा जेवताना म्हणाले. "नवरीच्या दगडाजवळ टिटवीनं अंडी घातलीत. जवळ जाऊ देईना."

हे सगळं शिवप्रिया दुसऱ्या दिवशी वाचनालयात सांगणार होती. आमचे आप्पा असे आणि आमचे आप्पा तसे, हे तिथल्या प्रत्येक सभासदाने ऐकलेलं होतं. आप्पांसमोर मात्र तिने त्यांचं कधी कौतुक केलं नव्हतं.

आईने खीर वाढायला घेतली तर आप्पांनी वाटीवर हात धरला. "नको. चालणाऱ्या माणसानं जिभेला लगाम घालावा."

सोमवारी पहाटे आप्पा झोपेतच गेले.

लिंगायत समाजाच्या रीतीप्रमाणे शेतात त्यांना बसवून माती दिली. शिवप्रियाला पहिला राग तिथेच आला. जो माणूस जन्मभर एका जागी बसला नाही, त्याला आता कायमचं बसवून टाकलं होतं. पण हे बोलायचं कुणाजवळ? घरात तर सगळेच बसलेले होते.

दुखवट्याला आलेल्या माणसाला उभ्याने बोलता येत नाही. त्याने टेकायचं, घरच्यांनी समोर टेकायचं, आणि "कसं झालं हो?" असं त्याने विचारलं की पहिल्यापासून सांगायचं. शिवप्रियाने ते इतक्यांदा सांगितलं की पुढेपुढे कुठे थांबल्यावर समोरची डोळ्याला पदर लावते, हे तिला ठाऊक झालं. एकदा आपण मुद्दाम तिथेच थांबलो, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची किळस आली. तिला रडू आलंच नव्हतं. रडायला जागाच नव्हती. माजघरात आत्या, ओसरीवर चुलते, स्वयंपाकघरात शेजारच्या बायका.

तिला एकच पाहिजे होतं. त्या माळावर एकटीने जायचं, आप्पा जिथे दर रविवारी बसत तिथे बसायचं आणि त्यांच्याशी एक वाक्य मोठ्याने बोलायचं. वाक्य तयार होतं: "आप्पा, ज्या दगडांवर तुम्ही एकटे बसत होता, तिथे आज तुमची लेक तुमच्याच वाटेने चालत आली आहे." त्यातला 'आज' तिने दोनदा काढला होता आणि दोनदा परत घातला होता.

"एकटी?" इरम्मा आत्याने कपाळाला हात लावला. "दुखवट्यातलं माणूस एकटं सोडत्यात का? थांब, माझ्या बसवराजला संगं दिते."

बसवराज आंघोळीला गेला, तेवढ्यात शिवप्रिया घराबाहेर पडली.

एसटीतून फाट्यावर उतरल्यावर तिने मोकळा श्वास घेतला. पळस लाल झाला होता. वाळक्या पानांवर फक्त स्वतःच्या चपलांचा आवाज. आता माळापर्यंत कुणीही "कसं झालं" म्हणून विचारणार नाही, असं तिच्या मनात येतंय तोच चौकीतून हाक आली.

"ओ ताई, एकल्याच कुठं निघालाव?"

खाकी शर्टातला उत्तरेश्वर, जंगलाचा राखणदार, काठी टेकत बाहेर आला. तिच्याकडे बघून त्याने डोक्यावरची टोपी काढली. "आप्पांची लेक ना तुमी? नाक सांगतंय की. बसा."

"मला पुढं जायचंय."

"बसा म्हंतो. ड्युटी सोडून मला घरी बसायला याय जमलं न्हाय. आता तुमीच आलाव, तर उभ्यानं कसं बोलावं?"

त्याने आतून एक खुर्ची आणली. प्लॅस्टिकची, पण तिच्यावर उशी बांधलेली. "आप्पांची हाय. दुसऱ्या कुनाला बसू देत न्हाय म्या."

"ते इथं बसायचे?"

"बसायचे म्हंजे? पेपर आख्खा वाचायचे. राशिभविष्य तर मोठ्यानं, माझी रास पयली. ऊन वर आल्याबिगर उठायचे न्हायत."

घरी राशिभविष्याचं पान आप्पा चिमटीत धरून रद्दीत टाकत. पण शिवप्रियाने समजूत घातली स्वतःची. म्हातारा माणूस, घटकाभर टेकला असेल. तिने "कसं झालं" ते पहिल्यापासून सांगितलं, आणि उठली. उत्तरेश्वरही उठला.

"तुम्ही कशाला येता?"

"दुखवट्यातलं माणूस जंगलात एकलं सोडू का?" तो म्हणाला, आणि चालता चालता फोन कानाला लावला. "जाईबाई, आप्पांची लेक निघालीया. चहा ठिव."

जंगल संपतं तिथे जाईबाईचं पत्र्याचं हॉटेल आहे. जाईबाई तवा-कढई सोडून रस्त्यावरच येऊन उभी होती. तिने शिवप्रियाला छातीशी धरलं, बाकड्यावर बसवलं आणि शेजारी बसून म्हणाली, "कसं झालं गं माय?"

शिवप्रियाने सांगितलं. भजी खाणाऱ्या दोघांनी नीट ऐकू यावं म्हणून आपलं बाकडं तिच्याकडे वळवून घेतलं. सांगून संपेपर्यंत तिच्यासमोर एक प्लेट आली. प्लेटमध्ये जिलबी होती.

"मी काही मागितलं नाही, मावशी."

"मागायचं कशाला? रविवारची आप्पांची प्लेट हाय ही."

शिवप्रिया जिलबीकडे बघत राहिली. "आप्पांना साखरेचा आजार होता."

"म्हाईत हाय की," जाईबाई डोळे पुसत म्हणाली. "म्हून तर पाव किलूच घ्यायचे. अन् वर चहा बिनसाखरेचा. पथ्याला लई कडक मानूस."

शिवप्रियाच्या डोळ्यांपुढे खिरीच्या वाटीवरचा तो हात आला. वर्षानुवर्षं घरात सणालासुद्धा गोड करताना आई चोरटेपणाने करायची, आप्पांच्या संयमापुढे लाज नको म्हणून. जिभेला लगाम. तिने रागाने जिलबीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. जिलबी चांगली होती. त्याचा आणखी राग आला.

ती उठली तेव्हा जाईबाईने चूल विझवली. "चल, म्या येते संगं. बाईमानसाला बाईमानूस पायजे." भजीवाले दोघे हात पुसून मागोमाग निघाले, त्यांना दुसरं काही काम नव्हतं आणि आप्पा त्यांच्याही ओळखीचे होते. एकटीने चालायला निघालेली शिवप्रिया आता मिरवणुकीच्या मधोमध होती. पुढे उत्तरेश्वर काठीने वाटेतले काटे बाजूला करत होता आणि मागे भजीवाल्यांची चर्चा चालली होती: झोपेतलं मरण पुण्यवान माणसाला येतं की नाही.

"मला जरा शांत चालायचं होतं," ती शेवटी म्हणाली.

"चला की," उत्तरेश्वर म्हणाला. "आमी कुठं पळतोय?"

माळाच्या पायथ्याला चिंचेखाली बंडप्पाचं शेत. निरोप त्यालाही गेलेला होता. त्याने दोन्ही हात जोडून लिंगायतांचा नमस्कार घातला. "शरणार्थी, अक्का. बसा." चिंचेखाली बाज टाकलेली होती, बाजेवर गोधडी.

"आप्पांची?" शिवप्रियाने विचारलं. आता तिला विचारायचीही गरज नव्हती.

"आप्पांचीच. हितंच पडायचे. चार वाजेस्तोवर घोरायचे बगा, माझी शेरडं बुजायची." मग तो समोर मांडी घालून बसला. "कसं झालं ओ?"

शिवप्रियाने तोंड उघडलं. उत्तरेश्वरने हात वर केला. "ताई, तुमी दमलाव. म्या सांगतो." आणि त्याने सांगितलं. पहाटेची वेळ, आईने मारलेली हाक, पांघरुणाबाहेर राहिलेला आप्पांचा हात. जिथे थांबायचं तिथे तो बरोबर थांबला. जाईबाईने पदर डोळ्याला लावला. तो तिच्यापेक्षा चांगलं सांगत होता.

"पण ते वर कधी जायचे?" शिवप्रियाने मध्येच विचारलं. "चार वाजता उठून मग वर?"

बंडप्पाने भजीवाल्यांकडे पाहिलं, भजीवाल्यांनी जमिनीकडे.

"वर आप्पा गेले न्हायत, अक्का. पयल्यापयल्यांदा जायचे. मंग गुडगा गेला. लई वर्सं झाली. उठले की म्या मोटरसायकलीवर फाट्याला सोडायचो."

"टिटवीची अंडी सांगितली त्यांनी मला. नवरीच्या दगडाजवळची."

"शेरडं घिऊन म्या जातो की वर. आल्यावर इचारायचे, बंडू, आज वर काय काय? म्या सांगायचो."

"आणि कुसळं?" शिवप्रियाचा आवाज चढला. वाचनालयात ती आवाज चढवणाऱ्यांना बाहेर काढत असे. "दर रविवारी त्यांच्या पॅन्टला कुसळं असायची. मी स्वतः वेचत होते."

बंडप्पाने बांधाकडे बोट केलं. तिथे वाळलं गवत गुडघाभर उभं होतं. "जाताना त्यातनं दोन चकरा मारायचे. म्हनायचे, लेक तपासती."

शिवप्रियाच्या मनात रिक्षा आली, दोन गल्ल्या आल्या, आजवर तिने ऐकून घेतलेला प्रत्येक टोमणा रांगेने आला. मोटरसायकलवरून फाट्यापर्यंत, तिथून एसटीने धाराशिवपर्यंत आलेल्या माणसाने ते टोमणे मारले होते.

"कशासाठी पण?" ती म्हणाली. "गुडघा गेला तर गेला म्हणावं. कोण काय म्हणणार होतं?"

"म्या म्हनलो एकदा," बंडप्पा हळू आवाजात म्हणाला. "आप्पा, सांगून टाका घरी. तर म्हनले, लेकीनं आख्ख्या वाचनालयात सांगून ठिवलंय माझं चालनं. लोकं मला बाजारात थांबवून इचारत्यात. आता बसलो म्हनलं, तर तिचं तोंड पडंल."

शिवप्रिया उठली. पदर खोचला आणि माळाकडे निघाली.

"आता वर कशाला?" जाईबाई ओरडली. "वर काय न्हाय गं, नुसते दगुड हायत."

सगळे तिच्यामागे उठले खरे, पण चढ उभा होता, ऊन भाजत होतं, आणि जाईबाईला धाप लागली. थोडं वर येऊन उत्तरेश्वर थबकला, मागे फिरला. शिवप्रियाने वळून पाहिलं तेव्हा ते सगळे परत चिंचेखाली जाऊन बाजेभोवती बसले होते. तिच्यावाचूनही त्यांचं बसणं नीट चाललेलं दिसत होतं.

वर वारा होता. काळे, डोक्याएवढे, कमरेएवढे दगड गोलागोलाने मांडलेले, त्यांच्यामधून गवत. किती पिढ्यांपूर्वी कुणी कुणासाठी ते मांडले होते, कुणाला ठाऊक. लांबवर शेतं, एखादी पवनचक्की, आणि माणूस एकही नाही. एका दगडाजवळून टिटवी उठली आणि तिच्या डोक्यावर ओरडत फिरायला लागली. एवढं तरी खरं होतं. ह्या वऱ्हाडातलं कुणी तिला 'बस' म्हणालं नाही. कुणी काही विचारलं नाही.

तिला पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं. तिने घसा साफ केला आणि तयार ठेवलेलं वाक्य आठवलं. ज्या दगडांवर तुम्ही एकटे बसत होता. त्यात एक शब्द खरा नव्हता. दगडांवर बसत नव्हते. एकटे तर कधीच नव्हते. ज्या माळावर आप्पांचा पाय वर्षानुवर्षं लागला नव्हता, तिथे ती त्यांना भेटायला आली होती, आणि ज्या तीन जागी ते खरोखर होते तिथून ती "मला पुढं जायचंय" म्हणत निघून आली होती.

ती संतापाने एका दगडावर बसली. मग तिला खाली चिंच दिसली. चिंचेखालची बाज दिसली. बाजेभोवती माणसं होती, पण बाजेवर कुणी बसलं नव्हतं. ती जागा त्यांनी मोकळी सोडली होती.

शिवप्रिया उठून कड्यापाशी आली. खाली बाजेकडे तोंड करून उभी राहिली.

"खोटारडे आहात तुम्ही, आप्पा," ती मोठ्याने म्हणाली. आवाज वाऱ्याने अर्धा नेला. खाली उत्तरेश्वरने मान वर केली. ती थांबली नाही. "माझं तोंड पडलं नसतं. मी त्यांना सांगितलं असतं, आमचे आप्पा दमले, आता बसतात. त्यातसुद्धा मी मिरवलं असतं."

नाक गळायला लागलं होतं. तिने ते पदराने पुसलं. खाली सगळ्यांच्या माना वर झाल्या होत्या. बघू देत, ऐकू देत.

"दर रविवारी तुम्ही बूट घालायचात, तेव्हा मी दारामागे उभी असायचे. एकट्याला चालायचं असतं तुम्हाला, म्हणून बोलले नाही. कधीच बोलले नाही. मी जिलबीचं आईला सांगितलं नसतं. बाजेशेजारी गप्प बसले असते." तिने श्वास घेतला. "मला तुमच्याबरोबर यायचं होतं, आप्पा."