पुलापलीकडची कुमुदिनी

निंबोणी गावात कोणतीही गोष्ट आधी नदीपलीकडे घडते आणि तिच्यातल्या चुका निघाल्या की मगच अलीकडे घडते. पलीकडच्या वस्तीला विकास शाखा म्हणतात, अलीकडच्या गावाला आवृत्ती. अलीकडच्या प्रत्येक माणसाची एक प्रत पलीकडे राहते. नाव तेच, चेहरा तोच, सासूसुद्धा तीच. फक्त त्या प्रतीच्या वाट्याला सगळं आधी येतं.

कुमुदिनी पाटणकर अलीकडची. तिची पहिलीच भाकरी गोल झाली होती आणि स्कूटर शिकताना ती एकदाही पडली नव्हती. हे सगळं आपल्या अंगच्या हुशारीनं झालं, असं तिला खुशाल वाटायचं. पलीकडच्यांबद्दल मात्र तिचं मत फारसं बरं नव्हतं. तिथल्या शाळेत एकदा परीक्षा आधी आणि शिकवणं नंतर ठेवून पाहिलं होतं. "कच्ची माणसं," ती नाक मुरडून म्हणायची.

मग तिच्या नवऱ्याचं, रघुनंदनरावांचं, हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर हसत बाहेर आले.

"भुलीचं औषध बदललं होतं," ते म्हणाले. "आधीच्यानं पलीकडे घात केला ना, म्हणून."

कुमुदिनीला हायसं वाटलं. रघुनंदनराव घरी आले, तिनं त्यांना मऊ भात वाढला, आणि वाढता वाढता तिच्या ध्यानात आलं की घात झाला म्हणजे कुणाचा झाला. ती भाताचं पातेलं तसंच टाकून खाली बसली.

सकाळी पिठलं-भाताचा डबा घेऊन ती पुलावर गेली. तिथले अधिकारी तांबट खुर्चीत बसले होते.

"सुतक आवृत्तीला लागू नाही, ताई," ते म्हणाले. "आणि डबा जाणार नाही. तिकडून इकडे येतं. इकडून तिकडे जात नाही."

"पण आता औषध सापडलंय. पलीकडच्या यांना नाही का ते देता येणार?"

"दुरुस्ती तिकडेही घातली. पुढच्या माणसांना लागेल ती. झालेल्या गोष्टीला लागत नाही." तांबटांनी चष्मा काढला. "तुमचं बरं असतं. ठरलेल्या वेळी तिकडून नवं घेणं थांबवतात, उरलेल्या चुका काढतात आणि दिवाळीला आवृत्ती तुमच्या हाती देतात. त्यांना थांबणं नाही."

"मला नुसते आभार मानायचेत हो."

तांबटांनी बराच विचार केला. "आभार नियमात नाहीत. म्हणजे नवी गोष्ट झाली. नव्या गोष्टीची चाचणी तिकडेच होते. तेव्हा आभार घेऊन जा. डबा इथे ठेवा."

पलीकडची कुमुदिनी दारातच उभी होती. हनुवटीवर स्कूटरवरून पडल्याची खूण, मनगटावर भाजल्याचे डाग. अलीकडचीनं स्वतःच्या गुळगुळीत हातांकडे पाहिलं आणि ते पदराखाली घेतले.

"ये गं," पलीकडची म्हणाली. "कसे आहेत हे?"

"जेवले. भातात मीठ कमी म्हणून कुरकुरले."

"कुरकुरले ना? मग बरे आहेत." ती हसली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

कुमुदिनीला राहवेना. "तुमच्यामुळे माझं माणूस घरी आलं गं. जन्मभर तुम्हाला कच्ची म्हणत आले मी. तुझे उपकार कुठे फेडू?"

"म्हणत जा. कच्चीच आहोत." पलीकडचीनं तिला आत नेलं. ओट्यावर चहाचे दोन कप भरलेले होते. "बघ, सवयीनं दोन ओतले. उद्या एकच ओतून बघणार आहे. रात्री दिवा ठेवला की झोप लागते की मालवला की लागते, तेही बघायचंय. सांत्वनाला येणाऱ्यांतलं कोण बरं वाटतं, कोणाला दारातूनच वाटेला लावावं. सगळं नीट बसवून ठेवते."

"कशाला एवढं?"

"कधीतरी तुझ्याकडे यायचंच आहे ना ते."

कुमुदिनीनं तिचा भाजलेला हात दोन्ही हातांत धरला आणि दोघी ओट्याशी तशाच उभ्या राहिल्या. मग तिनं दुसरा कप उचलला. चहा फार गोड होता. तिकडे साखरेचं प्रमाण अजून ठरायचं होतं. तिनं तो शेवटच्या घोटापर्यंत घेतला.