वाळूतली बाळंतीण

इंदुबाईंनी विश्रांतवाडीच्या घरावर मजला चढवायला काढला तो हौसेनं नव्हे. योगेशचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. मुलगी, कल्याणी, त्याच्याच सॉफ्टवेअरच्या कंपनीतली, आणि त्या कंपनीतली जोडपी लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात फ्लॅट बघायला लागतात हे इंदुबाईंनी गल्लीत चार घरी पाहिलं होतं. वर स्वतंत्र खोल्या झाल्या की मुलगा वर, सून वर, आणि जिना आपल्या स्वयंपाकघरातून.

ऑगस्टात अंगणात तीन ब्रास वाळू पडली. आठवड्याभरात त्या वाळूत एक घोरपड शिरली, तिनं अंडी घातली, वरून वाळू लोटली आणि विटांच्या थप्पीवर येऊन ऊन खात बसली.

बांधकामाचा ठेकेदार संपत म्हणाला, "काकू, एक पोतं द्या. संध्याकाळपर्यंत निकाल लावतो. तेल गुडघ्यांना चांगलं असतं."

"माझे गुडघे मला पुरेत. माझ्या दारात चोरून काही व्हायचं नाही," असं म्हणून इंदुबाईंनी स्वतः वनखात्याला फोन लावला. तुमचं जनावर माझ्या अंगणात आलंय, घेऊन जा.

महिपती नावाचा तरुण अधिकारी आला. त्यानं वाळूभोवती सुतळी बांधली, पंचनामा केला आणि सांगितलं की अंडी फुटेपर्यंत वाळूला हात लावायचा नाही, आसपास ठोकाठोकी करायची नाही. सात-आठ महिने तरी.

"आठ महिने? बायकांनाही नऊच लागतात, आणि त्यात त्या स्वयंपाक करतात."

मग इंदुबाईंनी त्याला सगळं समजावलं. वाळूचा दर काय, सिमेंटची पोती दगड होतील, संपतची माणसं खराडीच्या काचेच्या इमारतींवर निघून जातील, मुलाचं लग्न तोंडावर. एवढं सगळं एका पारड्यात घातलं, तर दुसऱ्या पारड्यातल्या घोरपडीची किंमत किती धरता?

महिपती कागदावरून मान वर न करता म्हणाला, "धरतच नाही, काकू. कायद्यात तो रकानाच नाही. वाघाच्या बरोबरीनं पहिल्या अनुसूचीत आहे ती."

"वाघ निदान माझ्या वाळूत बाळंत होत नाही."

हे त्यानं पंचनाम्यात घेतलं नाही.

मजला राहिला. लग्न मात्र झालं. कल्याणीनं फार समजूतदारपणे सांगितलं, "आई, तिला डिस्टर्ब नको व्हायला. आम्ही विमाननगरला भाड्यानं राहतो, अंडी फुटली की येतो." इंदुबाईंनी घोरपडीकडे असं बघितलं की ती विटांवरून उतरून गेली.

मग रविवार सुरू झाले. कल्याणीला घोरपडीचे फोटो हवे असत, म्हणून ती डिजिटल कॅमेरा घेऊन सकाळीच येई आणि तिच्यामागून योगेश. लग्नाआधी जो रविवारी हाका मारूनही जेवायला उठत नसे, तो आईशेजारी पायरीवर तीन-तीन तास बसे, कारण घोरपडबाईसाहेबांची बाहेर यायची वेळ ठरलेली नसे. वाट बघता बघता साहेबाशी झालेलं भांडण, कल्याणीच्या आईचं ऑपरेशन, सगळं इंदुबाईंना न विचारता कळे. थालीपीठ एकही उरत नसे.

एप्रिलात पिल्लं निघून गेली. महिपतीनं टरफलं मोजली, एकोणीस. आत एकही शिल्लक नाही. त्यानं सुतळी सोडली, कागद दिला आणि काम सुरू करा म्हणाला. संपत उद्या येतो म्हणाला.

संध्याकाळी योगेशचा फोन आला. विमाननगरलाच एक फ्लॅट बुक केलाय, ऑफिस जवळ पडतं, तेव्हा आईनं मजल्याची दगदग करू नये. मग त्यानं सहज विचारलं, "अंडी फुटली का गं? फुटली असतील तर या रविवारी येत नाही, बघायला काही नसेल ना."

इंदुबाईंनी महिपतीनं दिलेल्या कागदाची घडी घातली.

"एक राहिलंय म्हणतात."

"किती दिवस लागतील?"

"मी कसं सांगणार? कायद्याचं काम आहे. तुम्ही या. भाजणी दळून आणलीय."

सकाळी संपत फावडं घेऊन आला. इंदुबाईंनी त्याला फाटकातच थांबवलं.

"वाळूला हात लावलास तर फोन करीन," त्या म्हणाल्या. "नंबर आहे माझ्याकडे."