धोंडूकाकांची ओ

आमच्या गावात धोंडूकाकांनी हाक मारली की 'काय काका?' म्हणून भागत नसे. 'ओ'च म्हणावं लागे. ओ दिली नाही तर ते पुन्हा हाक मारत, मग तिसऱ्यांदा, आणि तुम्ही अगदी समोर उभे असलात तरी थांबत नसत.

"सुदाम रे!"

"हा काय काका, इथंच आहे."

"सुदाम रे!"

शेवटी मी ओ देई. मग त्यांचा चेहरा खुले आणि मुद्द्याचं बोलणं सुरू होई. मुद्दा बहुतेक काडीपेटीचा असे.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी. काका तरुणपणी शहापूरकडे, भातसा धरणाच्या कामावर खडी फोडायला होते. तिथे देशभरातले मजूर. गावातल्या इतरांनी तिथून घमेली-फावडी आणली, काकांनी एक अक्षर आणलं. 'हाक मारली का तुमच्यात काय म्हणतात?' हे त्यांनी तिथे एकेकाला गाठून विचारलं होतं.

"कानडी गडी आपल्यासारकाच ओ देतो," ते सांगत. "केरळची नर्सबाय तर हो म्हणायचं तरी ओ म्हणायची. बंगाली मिस्त्रीला काय पन सांगा, 'ओ' म्हणनार, म्हंजे समजलं. आन् 'तो' म्हणायचा तरी ओच! हिंदीवाले मातर उलटे रे. ओ म्हणून हाकच मारतात, आन् उत्तर काय? हां!" हिंदीवाल्यांचं त्यांना मनापासून वाईट वाटे.

मी कॉलेजात गेलो, आमच्या घरातला पहिलाच. तिथल्या लायब्ररीत एक जाडा कोश होता. त्यात मला सापडलं की कानडीत 'हाकेला उत्तर देणे' यासाठी ओपासूनच झालेलं क्रियापद आहे. मी भीत भीत सरांना विचारलं, आपली ओ तिकडून आली असेल का? सर म्हणाले, नक्की सांगता येत नाही. इतका साधा आवाज माणूस कुठेही काढेल. मी हे काकांना जसंच्या तसं सांगितलं.

"तुजा सर खडी फोडायला पायजे व्हता," काका म्हणाले. "आरं, पयला मानूस ह्या टेपाडावर, दुसरा त्या टेपाडावर. पयल्यानं हाक मारली. त्यात काय मोठं? हाक कोल्हा पन मारतो. दुसऱ्यानं ओ दिली, तवा बोलनं चालू झालं."

मला हे आजही पटतं. परीक्षेत लिहायचं धाडस मात्र झालं नाही.

एकदा तालुक्याच्या कचेरीत त्यांचं नाव पुकारलं गेलं. काकांनी अशी ओ दिली की कारकुनाच्या हातचा शिक्का तिरका पडला. "ओ काय? हजर म्हणा," तो खेकसला. काका शांतपणे म्हणाले, "हजर तं दिसतंच ना, सायेब. ओ म्हंजे मनानं पन आलो."

त्याच वर्षी माझ्या ताईचं लग्न ठरलं. काकांची बायको यशोदाकाकी ही गावची धवलारीण, म्हणजे लग्नात पुढे होऊन गाणी म्हणणारी बाई. ती एक ओळ म्हणते, मागच्या बाया ती झेलतात, त्या थांबल्या की ती पुढची घेते. आसपासच्या गावांत काकीशिवाय कुणाला हळद लागत नसे. पण हल्ली कुजबुज होती, काकीला ऐकू येत नाही.

आई म्हणाली, "जा, बघून ये. खरंच नसंल ऐकू येत तं दुसरी बघावी लागंल. मांडवात घोळ नको." एकदा दुसरी आली की काकीला पुन्हा कुणी बोलावणार नव्हतं, हे आईलाही ठाऊक होतं. तिचा आवाज त्यामुळेच खाली आला होता.

मी मागच्या वाटेने गेलो. काका अंगणात दोर वळत होते. काकी आत चुलीपाशी, पाठमोरी.

"यसोदे गो!" काकांनी हाक मारली.

काकी हलली नाही. दुसऱ्याच क्षणी काकांनी आवाज बारीक केला आणि स्वतःच ओ दिली. मग पुन्हा मोठ्याने, "चा टाक गो!" असं म्हणून स्वतःच आत गेले आणि चहाचा डबा काढून तिच्यापुढे ठेवला. कुडापलीकडे शेजारीण भांडी घासत होती. हे सगळं तिला ऐकू जावं म्हणून चाललं होतं.

बाहेर आले तेव्हा मी त्यांना दिसलो.

"किती दिवस, काका?"

"दोन पावसाळे." त्यांनी दोर पुन्हा हातात घेतला. "गानी तिला सगली पाठ हायेत रे. मी समोर बसंन. बाया थांबल्या का मान हलवीन. तिचं गानं गेलं तं ती बसून राहील. आयेला सांगू नको."

घरी येऊन मी आईला सांगितलं, "येतं की ऐकू." मला खोटं बोलायची सवय नाही. कान तापले होते.

लग्नाच्या दिवशी काका बायकांच्या घोळक्यात सर्वांत पुढे जाऊन बसले. बायकांबरोबर तोंड उघडून गात होते आणि ओळ संपली की मान हलवत होते. मामीने टोमणा मारला, "काय ओ भावजी, लुगडं आनू का?"

"आन, पन हिरवं आन," काका म्हणाले. नजर काकीवरून काढली नाही.

काकी एका ओळीलाही चुकली नाही. आईने तिची ओटी भरली आणि आत्याने तिथेच आपल्या मुलीच्या लग्नासाठी तिला सांगून ठेवलं.

पंगती उठल्यावर काकीने मला बाजूला घेतलं.

"सुदाम, तुला म्हणून सांगते. ह्यांचे कान गेले रे. बघत नाय, बोलतात केवढ्यानं? आज तं बायकांत घुसले ऐकाया. आन् हल्लीच्या पोरी गातात पन कशा, आवाजच नाय. लोक हसतात ह्यांना. मी गुमान ऱ्हाते, मनाला लागंल त्यांच्या. तू कुनाला सांगू नको हां."

मी मान हलवली, तिला नीट दिसेल अशी. मागून काका तिला बोलावत होते. मी हाताने तिकडे दाखवलं, तशी ती पदर सावरत लगबगीने निघाली. त्यांना वाट पाहायला लागू नये म्हणून.