सायकल नसलेली घंटी

गजभिये सरांनी सायकल विकली तेव्हा घंटी तेवढी काढून ठेवली. ती आता त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते. सर पायी चालतात आणि घंटी वाजवतात. सुपेल्याच्या बाजारात भर गर्दीत मागून ट्रिंग ट्रिंग ऐकू आलं की माणसं सवयीनं बाजूला होतात, वळून सायकल शोधतात, आणि त्यांना दिसतो एक उंच, काटकुळा म्हातारा, हातात भाजीची पिशवी.

"सायकल कहाँ है, बाबा?" एका फळवाल्यानं माझ्यासमोरच विचारलं होतं.

"बेच दी," सर म्हणाले. "लेकिन पीछे से आना तो चालू है न!"

दुकानात शिरताना सर घंटी वाजवतात, बुद्धविहाराच्या दारात वाजवतात, नंबर लागला की डॉक्टरच्या केबिनबाहेर वाजवतात. स्वतःच्या घरात, बैठकीतून स्वयंपाकघरात जातानाही वाजवतात. मधे काय, तर एक पडदा.

जुनवानीच्या कॉलनीत आमची घरं लागून आहेत, मधली भिंत एकच, त्यामुळे हे मी अधिकारानं सांगू शकतो. दुसरा अधिकार असा की मी बी.एस्सी. आहे, प्राणिशास्त्र घेऊन. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. वडील इथल्या पोलादाच्या प्लांटात हेल्पर होते, आजोबा अंगठा लावायचे. हे मी संधी मिळेल तिथं सांगतो. इथं मिळाली.

सर शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शिकवणं काही थांबलं नाही. फक्त धडा एकच उरला. तो असा:

"आपल्या डोक्याच्या तळघरात एक सरडा बसून आहे, बाबू. लाखो वर्षांचा म्हातारा. त्याले वाचता येत नाही, मोजता येत नाही, कॅलेंडर समजत नाही. त्याले एकच काम. गवतात खुडबुड झाली का पहिले उडी मार, मंग पाहू काय हाय ते. ज्यानं उडी मारली तो वाचला. जो विचार करत बसला तो वाघाच्या पोटात गेला. शहाण्यांचा वंश बुडाला! आपण सारे दचकणाऱ्यांची अवलाद."

आणि शेवटी, ठरलेल्या जागी, ठरलेलं वाक्य: "मंग दोष कोणाचा? सरड्याचा!"

या सरड्यावर सरांनी कॉलनीतली सगळी प्रकरणं निकाली काढली. स्कूटर कुणी कुठं लावायची यावरून दोन शेजारी एकमेकांची गचांडी धरायला निघाले, तेव्हा सर घंटी वाजवत दोघांच्या मधे गेले. "तुम्ही दोघंही सज्जन आहात. सरडे भांडून राहिले. त्यांचं होऊ द्या, तोवर तुम्ही चहा घ्या." माझा भाचा गणिताच्या पेपरला डोकं ब्लँक झालं म्हणून रडत आला, तर त्याला म्हणाले, "वाघ दिसल्यावर तुझ्या खापरपणज्यानं गणितं सोडवली असती, तर तू जन्मलाच नसता. पास होण्यापेक्षा जन्मणं मोठं." भाचा समाधानानं पुन्हा नापास झाला.

एकदा मी माझं शिक्षण बाहेर काढलं. म्हटलं, "सर, मेंदूचे असे मजले नसतात. तळघरात सरडा अन् वरच्या मजल्यावर माणूस, ही जुनी कल्पना झाली. आता शास्त्रज्ञ असं मानत नाहीत."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "मले माहीत आहे, ग्रॅज्युएट. पण दोष कोणावर तरी टाकावाच लागते. माणसावर टाकला का माणूस मोडते. सरडा रागवत नाही, रडत नाही. राहू दे त्याले तळघरात. भाडं थोडंच मागतो?"

मी राहू दिला.

माझी तक्रार वेगळी होती. सर फार मोठ्यानं बोलायचे. व्हरांड्यात समोरासमोर दोन खुर्च्या, ऐकणारा मी एकटा, हातभर अंतरावर, आणि आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत. मास्तरकीची सवय, असं मी धरून चाललो होतो. व्हरांड्याला लागून त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी. धडा चालू असताना आत कुसुमकाकूंची भांडी वाजायची, आणि "दोष कोणाचा" आलं की थोडा वेळ वाजायची थांबायची. हेही मी ऐकत होतो. पण ऐकणं वेगळं, कळणं वेगळं.

काकू कुठं जात नसत. लग्नाला नाही, बारशाला नाही, हळदीकुंकवासारख्या गोष्टींचा तर प्रश्नच नव्हता. बाजारात गेल्या तर भिंतीच्या कडेनं चालायच्या. समोरच्या साहूभाभींचं मत होतं, "मास्टरनी को घमंड है." माझ्या आईचं मत, "तब्येत नसन बरी." काकू माझ्याशी खिडकीतून बोलायच्या, चहा खिडकीतून द्यायच्या. चहा चांगला असायचा, म्हणून मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

यंदा सरांना पंचाहत्तरावं लागलं. साहूभाभींनी ठरवलं, सरांचा सत्कार करायचा. घमंडबिमंड विसरून त्या स्वतः काकूंकडे गेल्या, हात धरून म्हणाल्या, "काकी, आपको आना ही पड़ेगा." आणि काय आश्चर्य, काकू हो म्हणाल्या. सर त्या दिवशी घंटी पितांबरीनं घासत बसले होते. मला म्हणाले, "ही येऊन राहिली बरं का! स्वतःहून हो म्हणाली." पुरस्कार मिळाल्यासारखा चेहरा. जातीतला, गावातला, शाळेतला एकही सत्कार त्यांनी आजवर इतक्या आनंदानं घेतला नसेल.

आता साहूभाभींनी मोबाइलवर जे पाहिलं होतं ते सरांना कुठून माहीत असणार. तिथं वाढदिवस अंधारात होतात. माणसं दिवे घालवून दडून बसतात आणि ज्याचा वाढदिवस त्याच्यावर एकदम ओरडतात. याला प्रेम म्हणतात. सत्काराच्या संध्याकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये आम्ही सगळे असे दडलो. काही खुर्च्यांमागे, काही दाराच्या मागे. एकेकाच्या हातात तो कागदाचे तुकडे उडवणारा फटाका.

दार उघडलं. सरांनी आदरानं काकूंना पुढं केलं.

काकू दोन पावलं आत आल्या आणि दाराच्या मागून, म्हणजे त्यांच्या अगदी पाठीमागून, सगळे एकदम ओरडले. फटाके फुटले. दिवे लागले. लखलखीत हॉलमध्ये काकू खाली बसलेल्या होत्या, गुडघ्यांत डोकं, डोक्यावर दोन्ही हात. अंगावर रंगीत कागद. "मारू नका," एवढंच म्हणत होत्या. "मारू नका जी."

कुणीतरी हसलं, आणि लगेच थांबलं.

सर धावले नाहीत. जिथं होते तिथंच उभे राहिले. खिशातून घंटी काढली, हळू वाजवली. "कुसुम, मी हाय. समोरून येतो." मग सगळ्या खुर्च्यांना लांबून वळसा घालून ते काकूंच्या समोर आले आणि पंचाहत्तर वर्षांचे गुडघे मोडून फरशीवर बसले. हात लावला नाही. वाट पाहिली.

बऱ्याच वेळानं काकूंनी हात खाली घेतले. आजूबाजूला पाहिलं. केक, फुगे, आम्ही. म्हणाल्या, "तुमचा कार्यक्रम नासवला मी. माझाच दोष. घरी चला."

 सरांनी सरड्याचं नावसुद्धा घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराची खिडकी बंद होती. तिसऱ्या दिवशीही. नंतर आम्ही ती बंदच धरली. साहूभाभी केकचा डबा घेऊन फाटकापर्यंत यायच्या आणि परत जायच्या. सर व्हरांड्यात बसायचे, मी जायचो, आणि धडा नाही. सर चक्क हळू बोलायचे. पाण्याचं, विजेचं, भाजीच्या भावाचं. इतकं हळू की मला पुढं वाकावं लागायचं. तेव्हा कुठं माझ्या बी.एस्सी. डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं त्या वर्गात विद्यार्थी मी नव्हतोच.

मी विचारलं. सरांनी एका दमात सांगितलं आणि त्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. काकूंचं हे दुसरं घर, म्हणजे दुसरं लग्न. पहिल्या घरी चुलीपुढं बसलेल्या असताना मार पडायचा, मागून, न सांगता. तिथले म्हणायचे, बाईच्या अंगात काही आहे म्हणून दचकते. "ती इथं आली तेव्हा तिलेही तसंच वाटे, का आपल्यातच काही वाईट आहे," सर म्हणाले. "समोर बसवून समजावलं तर मान खाली घाले. म्हणून दुसऱ्याले शिकवत राहिलो. ऐकू जावं म्हणून."

(हे सगळं काकूंना वाचून दाखवलं आहे. त्या म्हणाल्या, "लिही. पण चहा खिडकीतून देतो ते कायले लिहिलं? कंजूस वाटन लोकायले.")

त्या दिवशी मी उठून घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाऊन बसलो. एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. हॉलमध्ये फटाके फुटले तेव्हा मलाही ठाऊक होतं की फुटणार आहेत, माझ्या स्वतःच्या हातात एक होता, आणि तरी मी खुर्चीखाली गेलो होतो. अंधार होता म्हणून निभावलं. ग्रॅज्युएट माणूस आपण होऊन असलं काही सांगत नाही.

मी शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा आवाज काढला. "सर, मले एक सांगा. त्या दिवशी मले माहीत होतं का फटाका फुटणार. माह्याच हातात होता. तरी मी खुर्चीखाली कावून घुसलो?"

सर दचकले. माझ्याकडं पाहिलं, मग बंद खिडकीकडं.

"तू?" त्यांनी विचारलं.

"मी. बी.एस्सी. झालो तरी."

सर सावरून बसले. घसा खाकरला. आणि निघाला तो जुना आवाज, रस्त्यापलीकडं जाणारा. तळघर आलं, गवत आलं, वाघ आला, शहाण्यांचा वंश बुडाला. सरड्याला कॅलेंडर समजत नाही, या वाक्यापाशी ते जास्त वेळ थांबले. "पन्नास वर्षं झाली तरी त्याले वाटते आताच झालं. त्याले कोण सांगणार? आपणच सांगायचं, हळूहळू. घंटी वाजवून." समोर साहूभाभी डबा घेऊन फाटकाशी उभ्या होत्या, त्याही ऐकत राहिल्या.

मग सर शेवटच्या वाक्यापाशी आले, आणि त्यांना ते म्हणवेना. म्हणून मीच विचारलं, तितक्याच मोठ्यानं.

"मंग दोष कोणाचा, सर?"

 सर घंटीवरून अंगठा फिरवत होते, वाजवत नव्हते.

खिडकीची कडी निघाली. तिचं एक दार उघडलं, आणि आतून काकूंचा आवाज आला.

"सरड्याचा! दुसऱ्या कोणाचा? इतकी वर्षं काय शिकला रे तू?"

फाटकातून साहूभाभी ओरडल्या, "काकी, मैं सामने से आ रही हूँ!"