पेटंटाची चतुःसीमा

घाटनांदूरच्या गहिनीनाथराव जायभाये यांनी पेपरात एक जाहीर प्रगटन द्यायचं ठरवलं आणि तिथून सगळं बिघडत गेलं. ठरवताना त्यांना ते इतकं किरकोळ वाटलं, की बायकोला सांगायचीही गरज वाटली नाही. (तसं ते बायकोला भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा लगेच सांगत नाहीत. आधी मुद्दाम कमी टाकलंय का, याचा अंदाज घेतात.)

गहिनीनाथराव अंबाजोगाईच्या तहसील कचेरीबाहेर दस्तलेखक आहेत. खरेदीखत, वाटणीपत्र, हक्कसोड, नोटिसा, सगळं तेच लिहून देतात. सख्ख्या भावांची भांडणं आयुष्यभर कागदावर उतरवल्यामुळे त्यांची एक समजूत पक्की झालेली आहे. जगात माणसं दोनच प्रकारची, एक ज्यांनी फसवलंय ती, आणि दुसरी ज्यांना अजून संधी मिळालेली नाही ती. दुसऱ्या प्रकारच्या माणसांवर ते जास्त लक्ष ठेवून असतात.

असा माणूस शोधबीध लावण्याच्या भानगडीत कसा पडला, तर त्याला कारण त्यांची बायको वनमाला. वनमालाबाईंनी फोनवर शेंगोळ्यांची एक छान रीत वाचली आणि ते पान कडा गावी दिलेल्या बहिणीला पाठवून दिलं. तिच्याकडे त्या दिवशी मुलीला बघायला पाहुणे येणार होते. फोननं पाठवला पानाचा नुसता पत्ता, म्हणजे लिंक. बहिणीनं उघडलं तर पान उघडलं अगदी वरून, आणि वर होती दात न आलेल्या बाळासाठी नाचणीची पेज. शेंगोळे खाली, चार जाहिरातींच्या पलीकडे. ताईनं पाठवलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच, असं समजून बहिणीनं पाहुण्यांना वाट्या भरभरून पेज वाढली. पाहुणे जे गेले ते गेलेच. दोघी बहिणींचं बोलणं बंद झालं.

गहिनीनाथरावांना आधी वाटलं, हा कुणीतरी केलेला डाव आहे. पण डाव कुणाचाच निघेना, तेव्हा नाइलाजानं त्यांनी डोकं चालवलं. एका ॲपमधलं पान दुसऱ्या ॲपमध्ये जाताना नुसता पत्ता का जावा? पानाचं नाव, त्यातलं चित्र आणि आपण वाचत होतो ती नेमकी जागा, असं सगळं बरोबर जायला पाहिजे. खरेदीखतात नुसता गट नंबर लिहून भागतं का? वनमालाबाईंचा धाकटा भाऊ परमेश्वर परळीला कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. त्यानं ते दाजींचं म्हणणं ऐकून खरोखरच एक प्रोग्रॅम लिहिला आणि तो चाललासुद्धा. वनमालाबाईंनी पुन्हा पान पाठवलं, कड्याला थेट शेंगोळे उघडले, आणि बहिणी बोलायला लागल्या. दाजी, ह्याचं पेटंट घ्या, असं परमेश्वरच म्हणाला. शोध लावणारे म्हणून दोघांची नावं घालायचं ठरलं.

पेटंटचं काम बघणाऱ्या पंचशीला ओव्हाळ मॅडम छत्रपती संभाजीनगरला असतात. त्यांनी सगळं समजून घेतलं आणि गहिनीनाथराव निघताना एकच गोष्ट बजावली, की अर्ज दाखल होईपर्यंत याबद्दल कुणालाही काहीही सांगू नका.

झालं. गहिनीनाथराव एसटीत बसले ते अंबाजोगाई येईपर्यंत याच वाक्याचा विचार करत होते. त्यांच्या धंद्यात ‘कुणाला सांगू नका’ म्हणणारा माणूस पुढच्या महिन्यात तोच प्लॉट स्वतःच्या बायकोच्या नावावर करून मोकळा होतो. चोराला अंधार लागतो. त्यावर उपाय म्हणजे सगळ्या जिल्ह्याच्या साक्षीनं आपली मालकी सांगून टाकायची, आणि तो उपाय तर त्यांच्या टेबलावरच होता. त्यांनी कागद ओढला आणि जमिनीचं लिहितात तसंच लिहून काढलं.

‘तमाम जनतेस कळविण्यात येते की, एका ॲपमधील वेबपेजची माहिती दुसऱ्या ॲपमध्ये पाठविण्याची खालील रीत ही आमची स्वकष्टार्जित असून वडिलोपार्जित नाही. सदर रीतीची चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस वेबपेज, पश्चिमेस दुसरे ॲप, दक्षिणेस वाचणाऱ्याचे बोट, उत्तरेस इंटरनेट (सरकारी).’ त्याखाली त्यांनी अख्खी रीत पायरी पायरीनं लिहिली. वर्णन मोघम राहिलं की कोर्टात मार खावा लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शेवटी, सदर रीतीबाबत कोणीही कोणताही व्यवहार करू नये, केल्यास तो आमच्यावर बंधनकारक राहणार नाही, असा दम भरला आणि जिल्ह्यातल्या एका दैनिकाकडे मजकूर धाडून दिला. त्या आठवड्यात त्यांनी पक्षकारांच्याही बऱ्याच नोटिसा धाडल्या होत्या. त्या गर्दीत हीही गेली आणि डोक्यातूनही गेली. पुढे काही दिवसांनी मॅडमनी अर्ज दाखल केला.

नंतर बराच काळ काहीच घडलं नाही. कचेरीबाहेर लोक गहिनीनाथरावांना पेटंटवाले म्हणायला लागले आणि ते चहा पिताना थोडे ताठ बसायला लागले, एवढंच. मग एक दिवस मॅडमचा फोन आला. परीक्षण अहवाल आला होता. पेटंट ऑफिसच्या परीक्षकानं शोधून काढलं होतं, की ही रीत अर्जाच्या आधीच कुठेतरी जशीच्या तशी छापून आलेली आहे, त्यामुळे तिला नवीन म्हणता येत नाही. तो कागद अहवालाला जोडलाय, ईमेल केलाय, वाचून घ्या, असं मॅडम म्हणाल्या.

आता ईमेलला जोडून आलेली फाइल गहिनीनाथराव उघडत नाहीत. अशी फाइल उघडली आणि बँकेतलं खातं धुऊन निघालं, अशा तक्रारी त्यांनीच लोकांना लिहून दिलेल्या आहेत. त्यांनी ती फाइल न उघडताच डिलीट केली. मॅडमनी दोन दिवसांनी विचारलं, वाचलंत ना? गहिनीनाथराव म्हणाले, वाचलं. (न वाचता सही करणाऱ्यांना ते रोज शिव्या देतात, ही गोष्ट वेगळी.) मॅडम जरा थांबून म्हणाल्या, मग आता मी वेगळं काय बोलू, सुनावणी मागून बघू. मॅडमच्या त्या थांबण्याचासुद्धा गहिनीनाथरावांना वास आला.

पण खरा संशय घरातच जाऊन बसला. रीत ठाऊक असलेली माणसं तीन. मॅडम, ते स्वतः आणि परमेश्वर. मॅडमनी चोरली असती तर चोरीची बातमी कशाला दिली असती? स्वतःवर संशय घ्यावा इतके ते अजून बिघडलेले नव्हते. राहिला परमेश्वर. आणि परमेश्वरच्या क्लासमध्ये नुकताच एसी बसला होता.

गहिनीनाथराव परळीला गेले. चहा नको म्हणाले. एसीकडे बघत बसले. मग कोर्टात उलटतपासणी चालते तसं विचारायला लागले, की तू ही रीत कुठल्या पेपरात दिलीस का, कुणाला दाखवलीस का, एसी कुठल्या महिन्यात घेतलास. परमेश्वरला आधी वाटलं दाजी गंमत करतायत. मग त्याचा चेहरा उतरला.

“दाजी, म्या रातंध्याड बसून लिवलं त्ये,” तो म्हणाला. “आन् तुमी मला चोर समजता व्हय?”

“मी समजत न्हाई, मी इचारतो,” गहिनीनाथराव म्हणाले. “चोर नसलास तर राग कावून येतोय?”

परमेश्वरनं उठून एसी बंद केला आणि दार उघडं करून उभा राहिला.

ही बातमी गहिनीनाथरावांच्या आधी घरी पोचली होती. वनमालाबाईंनी आदळआपट केली नाही, त्यामुळे ते जास्तच घाबरले. आई गेल्यावर परमेश्वरला वनमालाबाईंनीच लहानाचं मोठं केलं होतं, आणि त्याच्या नावाला लागलेला डाग त्यांना स्वतःच्या अंगावर पडल्यासारखा वाटत होता. ताट वाढून झाल्यावर त्या समोर बसल्या आणि शांतपणे बोलल्या.

“सुनावणीला मी बी बसणार हाय. माझ्या भावानं क्येलं आसंल तर मी पुन्ना त्याचं तोंड बघणार न्हाई. आन् न्हाई क्येलं, तर तुमी त्याच्या दारात जाऊन हात जोडायचे.”

गहिनीनाथराव कबूल झाले. त्यांना स्वतःच्या संशयाची एवढी खात्री होती, की बायकोचं माहेर तुटणार म्हणून मनातून वाईटसुद्धा वाटायला लागलं. ही बाई भावाशिवाय सण कसा करील, या विचारानं त्यांनी त्या रात्री एक भाकरी कमी खाल्ली.

सुनावणी व्हिडिओवर होती. घरातल्या टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपखाली पिठाचा डबा, समोर इस्त्रीच्या शर्टात गहिनीनाथराव आणि शेजारी पदर खोचून वनमालाबाई. पडद्याच्या एका कोपऱ्यात पंचशीला मॅडम, दुसऱ्यात पेटंट ऑफिसचे अधिकारी. अधिकारी विदर्भातले निघाले आणि म्हणाले, अर्जदारांना सोपं जाईल तर मराठीतच बोलू या.

या गोडव्यानं गहिनीनाथराव सावध झाले. हल्ली व्हिडिओवर कुणीही पोलीस होतो, कुणीही जज्ज होतो. त्यांनी पहिल्यांदा अधिकाऱ्यांना ओळखपत्र दाखवायला लावलं. मॅडमनी कपाळावर हात मारला. अधिकाऱ्यांनी मात्र गळ्यातलं कार्ड काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. गहिनीनाथराव म्हणाले, जरा तिरपं धरा, चकाकतंय. त्यांनी तिरपं धरलं.

मग अधिकाऱ्यांनी विचारलं, आधीच प्रसिद्ध झालेल्या कागदाबद्दल अर्जदारांचं काय म्हणणं आहे? गहिनीनाथराव म्हणाले, तो कागद चोरीचा आहे आणि चोराचं नाव या सुनावणीत उघड झालं पाहिजे, माझी पत्नी त्यासाठीच हजर आहे. मॅडम काहीतरी सांगायला लागल्या, तर गहिनीनाथरावांनी त्यांनाही हातानं थांबवलं. अधिकाऱ्यांनी थोडा विचार केला आणि कागद मधूनच वाचायला घेतला. पानाचं नाव, चित्र आणि वाचनाची जागा एकत्र बांधून दुसऱ्या ॲपकडे धाडणे, दुसऱ्या ॲपला जे पेलेल ते त्याने उचलणे, आणि पुढे अशीच एकेक पायरी.

“बगितलंस?” गहिनीनाथराव वनमालाबाईंना म्हणाले. “माझा शब्द न् शब्द हाय. स्वल्पविरामसुदिक सोडला न्हाई हरामखोरानं.”

वनमालाबाई खाली बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

पायऱ्या संपल्यावर अधिकारी वरच्या मजकुराकडे वळले. उत्तरेस इंटरनेट, कंसात सरकारी, हे वाचताना त्यांचा आवाज किंचित हलला. गहिनीनाथरावांनी तिथेच कान टवकारले. परमेश्वर कॉम्प्युटरवाला आहे, त्याला चतुःसीमा कुठली लिहिता यायला? अधिकाऱ्यांनी शेवटचं नाव वाचलं. प्रगटन देणार, गहिनीनाथ जायभाये, दस्तलेखक, मुक्काम घाटनांदूर.

माणूस इतक्या सहज हार मानत नाही. गहिनीनाथराव म्हणाले, हे माझ्या नावानं दुसऱ्याच कुणीतरी दिलेलं आहे, तोतयेगिरी आहे ही. तेव्हा अधिकाऱ्यांनी तो कागद पडद्यावरच लावला. वरच्या कोपऱ्यात लग्नातला कोट घातलेल्या गहिनीनाथरावांचा फोटो होता. आपल्या नावानं कुणी तोतया उभा राहू नये, म्हणून त्यांनीच तो आग्रहानं छापून घेतला होता.

वनमालाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि फोटो नीट न्याहाळला. तो कोट त्यांच्याच वडिलांनी शिवून दिलेला होता.

“साहेब,” गहिनीनाथराव म्हणाले, “पण मालकी कळावी म्हणूनच दिलतं मी.”

“जमिनीला चालतं ते,” अधिकारी म्हणाले. “शोधाचं उलटं असतं. अर्ज करायच्या आधी सगळ्या जगाला सांगितलंत, की तो नवा राहत नाही. मग सांगणारे तुम्ही स्वतः असलात तरी.”

सुनावणी संपली. निकाल काय लागणार हे सांगायला मॅडमची गरज उरली नव्हती. तरी त्यांनी फोन करून, असं होतं कधीकधी, एवढं म्हटलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता आणि गहिनीनाथरावांना पहिल्यांदाच स्वतःची शरम वाटली. पेटंट गेलं त्याचं दुःख होतंच. पण आपण घरातल्या पोराला त्याच्याच दारात चोर ठरवून आलो, हे त्यांना जास्त टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर बायकोला मागे बसवून ते परळीला गेले. क्लासमध्ये मुलं बसलेली होती. गहिनीनाथरावांनी सगळ्यांसमोर हात जोडले, माझी चूक झाली म्हणाले, आणि खाली वाकायला लागले तसं परमेश्वरनं त्यांना दंडाला धरून वर उचललं.

“आसुंद्या दाजी,” तो म्हणाला. “तुमचा सोभावच हाय त्यो. आमी काय आज वळखतो का तुमाला?”

मग परमेश्वरनं एसी लावला, चहा मागवला, वर शेव-चिवडा मागवला. निघताना बहिणीच्या हातात साडी दिली आणि दाजींना टोपी-टॉवेल. वनमालाबाई मनापासून हसल्या. किती दिवसांनी हसत होत्या, तेही गहिनीनाथरावांनी बघितलं आणि त्यांना खरंच बरं वाटलं.

परत निघाल्यावर धर्मापुरीच्या अलीकडेपर्यंत सगळं छान चाललं होतं. बायको मागे गुणगुणत होती. वारा गार होता. पेटंट नसलं म्हणून काय झालं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांनी गाडी हळू केली आणि मान जराशी मागे वळवली.

“एक सांग,” ते म्हणाले. “यवढा मोटा अपमान झाल्यावर परमेश्वरनं लगेच माफ क्येलं. वर टोपी-टॉवेल. कावून आसंल गं?”

गुणगुणणं थांबलं. वनमालाबाईंनी पुढच्या फाट्यावर गाडी थांबवायला सांगितली, साडीची पिशवी घेऊन खाली उतरल्या आणि मी एसटीनं जाते म्हणाल्या. गहिनीनाथरावांनी खूप समजावलं, आपण सहज विचारलं म्हणाले, शपथ घेतली. बाईंनी वळूनसुद्धा बघितलं नाही. थोड्या वेळानं एक एसटी आली, वनमालाबाईंनी हात केला आणि त्या चढल्या.

आता ही बाई घरीच जाते का आणखी कुठे, अशी शंका गहिनीनाथरावांच्या मनात आलीच. स्वतःला चार शिव्या देऊन त्यांनी ती दाबायचा प्रयत्न केला, पण राहवेना, म्हणून एसटीच्या पुढे जाऊन पाटी वाचली. पाटीवर परळी लिहिलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा संशय खरा निघाला होता, आणि सांगायला जवळ कुणीच नव्हतं.