कुठं अडलं, ते सांगा

नसीम मुलाणी माणसाला भेटली की नमस्कार, सलाम, जेवण झालं का, यातलं काहीही विचारायची नाही. ती सरळ विचारायची, "गणितात कुठं अडलं तुमचं?" आणि पिशवीतून एक लांबट वही काढून उत्तराची वाट बघत उभी राहायची.

भोरच्या एसटी स्टँडवर हा प्रश्न तिनं कुणाकुणाला विचारला ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कंडक्टर गाडी सोडायच्या गडबडीत होता, तरी "अपूर्णांक" असं सांगून मगच त्यानं घंटी मारली. वडापाववाल्यानं झारा बाजूला ठेवला आणि पायथागोरसनं आपल्याला कसं घरी बसवलं ते इतकं रंगवून सांगितलं की कढईतले वडे काळे झाले. चौकीतल्या हवालदारांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग इकडंतिकडं बघून हळू आवाजात उत्तर दिलं. प्रत्येकाचं कुठं ना कुठं अडलेलं होतं आणि इतक्या वर्षांत कुणी त्यांना ते विचारलेलं नव्हतं.

मला विचारलं तेव्हा मी ऐटीत म्हणालो, आमचं कुठंच अडलं नाही. तिनं वहीत काहीतरी लिहिलं. मी मान तिरकी करून वाचलं तर, "काका. सांगत न्हाईत."

माझं दुकान स्टँडसमोर. आधी तिथं टायपिंगचा क्लास होता. शिकायला कुणी येईना, तेव्हा मी मशिनी माळ्यावर टाकल्या, दोन कॉम्प्युटर आणि एक स्कॅनर आणला आणि बाहेर 'इंटरनेट' अशी पाटी लावली. त्या वेळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं आणि येताना किंचाळायचं. नसीम किकवीहून एसटीनं कॉलेजला यायची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजच्या सेवा योजनेत प्रत्येकाला वर्षभरात सेवेचे तास भरावे लागत. बाकीची पोरं खड्डे खणून झाडं लावायची आणि पुढच्या वर्षीची पोरं त्याच खड्ड्यांत पुन्हा झाडं लावायची. हिनं योजनेच्या सरांना सांगितलं की मी फुकट शिकवणीची वेबसाईट काढते, दहावीचं गणित, मराठीतून. सरांनी तोवर वेबसाईट पाहिलेली नव्हती, त्यामुळे ते चटकन हो म्हणाले.

तेव्हापासून माझा दोन नंबरचा कॉम्प्युटर तिचा झाला. मराठी टाईप करावं तर ते माझ्या कॉम्प्युटरवर मराठी दिसायचं आणि दुसऱ्याच्या मशिनीवर नुसते चौकोन. मग तिनं तोड काढली. धडे हातानं कागदावर लिहायचे, स्कॅन करायचे आणि चित्रं म्हणून वेबसाईटवर चढवायचे. अक्षर वळणदार, त्याबद्दल वाद नाही. पण केवढं मोठं! एका पानावर जेमतेम चार ओळी. एवढी मोठी अक्षरं एसटीच्या पाटीवरसुद्धा नसतात. एक पान चढेपर्यंत माझा चहा यायचा, पिऊन व्हायचा आणि पोऱ्या कप घेऊनही जायचा. मी कितीदा सांगितलं, अगं बारीक लिही, सगळा धडा एका पानात मावेल. ती म्हणायची, "ऱ्हाऊ द्या काका. लांबनं वाचता आलं पायजे." लांबून कोण वाचणार, रस्त्यावरून का, असं मी विचारलं की ती हसायची आणि पुढचं पान स्कॅनरवर ठेवायची.

गणितंही तिची निराळीच. पुस्तकात टाकीला दोन नळ असतात. हिच्याकडे भोंगवलीहून दोन टेम्पो निघायचे, एक फुलं घेऊन आणि एक टोमॅटो घेऊन, आणि मागचा टेम्पो पुढच्याला कात्रजच्या घाटात गाठायचा. घाटात ओव्हरटेक करू नये, पोरांना काय शिकवतेस, असं मी म्हणालो. तिनं निमूटपणे पान बदललं आणि दोन्ही टेम्पोंची भेट घाट संपल्यावर घातली.

जाहिरातही तिनं स्वतःच केली. गावोगावच्या पिठाच्या गिरण्यांत तिनं हातानं लिहिलेले कागद चिकटवले, 'फुकट शिकवणी. वेबसाईट. भोर स्टँडसमोर.' परिणाम व्हायचा तोच झाला. एका शनिवारी सकाळी वेल्ह्याकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन दुकानात आले. मुलीच्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात बसायला बस्कर.

"वेबसाईट हितंच का? पोरीला सोडाय आलोय. चारच्या गाडीला न्यायला येतो," असं म्हणून ते बाजारात गेलेसुद्धा.

मी मुलीला वेबसाईट म्हणजे काय ते समजवायला लागलो, तोवर नसीमनं स्टूल पुढं सरकवून तिला विचारलं होतं, कुठं अडलं. त्या दिवशी नसीमचं कॉलेज बुडालं. ती मुलगी नंतर प्रत्येक शनिवारी यायला लागली आणि माझ्या दुकानात इंटरनेटपेक्षा बेरजा-वजाबाक्या जास्त ऐकू यायला लागल्या.

वेबसाईटच्या तळाशी एक आकडा होता, किती जणांनी ती पाहिली ते दाखवणारा. तो वाढायचा तो बहुतेक तिच्यामुळे आणि माझ्यामुळे. पण दिवाळीनंतर एक खरा विद्यार्थी मिळाला. तो दुपारी, नसीम कॉलेजात असताना वेबसाईट बघायचा, 'प्रश्न विचारा' असं लिहिलेल्या चौकटीत प्रश्न पाठवायचा आणि खाली सही करायचा, 'एक विद्यार्थी'. नसीम दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न वाचायची, त्याच मोठ्या अक्षरांत उत्तर लिहायची आणि मला म्हणायची की हा विद्यार्थी लई मन लावून करतोय. मी खोकून दुसरीकडं बघायचो.

कारण तो विद्यार्थी कोण हे मला पक्कं ठाऊक होतं. तो माझ्याच दुकानात, एक नंबरच्या कॉम्प्युटरवर बसायचा. ते होते रफीकभाई मुलाणी, नसीमचे वडील. टेम्पो चालवायचे. नववीत असताना गणितापायी त्यांची शाळा सुटलेली. आता हायवेवरच्या एका कंपनीत ड्रायव्हरची कायमची जागा निघणार होती, पण दहावी पास पाहिजे होतं. म्हणून त्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता, घरात कुणाला न सांगता. पहिल्या दिवशी टेम्पो मागच्या गल्लीत लावून आले आणि त्यांनी मला शपथच घातली.

"पोरीला कळता कामा न्हाई. बाप हाय मी तिचा. तिच्याम्होरं पाटी घिऊन बसू व्हय?"

ते प्रश्न सांगायचे, मी टाईप करायचो. मग खुर्ची मागं ओढून, मान ताणून ते पडद्यावरचा धडा वाचायचे आणि वहीत उतरवून घ्यायचे. माझ्या पोटात एरवी साधी साखरपुड्याची बातमी टिकत नाही. हे गुपित मी तीन महिने कसं सांभाळलं ते माझं मला ठाऊक.

मग सर जागे झाले. वेबसाईटवर शिकलेला एक तरी विद्यार्थी नाव, गाव आणि सहीसकट दाखव, नाहीतर तुझा एकही तास धरणार नाही, असं त्यांनी नसीमला सांगितलं. वेल्ह्याची मुलगी चालेल का म्हणून तिनं विचारलं, तर सर म्हणाले, ती वेबसाईटवर नाही, स्टुलावर शिकली. म्हणजे राहिला तो 'एक विद्यार्थी'. त्याचं नाव मिळालं नाही तर वर्षाची मेहनत पाण्यात आणि वर तास भरायला योजनेच्या वेल्ह्याच्या शिबिरात आठवडाभर खड्डे खणायचे.

मला राहवेना. म्हटलं, शपथ गेली खड्ड्यात. नसीम स्कॅनरपाशी उभी होती. मी तिला सांगितलं की त्या विद्यार्थ्याचं नाव मला माहीत आहे आणि मी ते आत्ता सांगणार आहे.

"नाव नका घेऊ काका," ती म्हणाली. "अब्बांना जवळचं दिसत न्हाई. आन् चष्मा घ्या म्हटलं की रागावत्यात. म्हणून तर अक्षरं मोठी काढते."

मग तिनं सगळं सांगितलं. टेम्पोच्या सीटखाली फडकं शोधताना तिला तो फॉर्म सापडला होता. अब्बांना एकदम विचारलं असतं की कुठं अडलं, तर ते ताटावरून उठून गेले असते. म्हणून तिनं आधी सगळ्या गावाला विचारलं. वही भरली, तेव्हा एका दुपारी जेवताना ती घरात वाचून दाखवली. कंडक्टरचं, वडापाववाल्याचं, हवालदारांचं.

"हवालदारांचं ऐकून अब्बा लई हसले. आन् मग आपल्या आपण म्हणाले, माझं समीकरणात अडलं." तिनं स्कॅनरचं झाकण लावलं. "दुपारी तुमचा एक नंबर रिकामा असतो, ते बी मीच घरात बोलले हुते."

त्या मोठ्या अक्षरांची, त्या टेम्पोंची मी किती टिंगल केली होती ते आठवून मला स्वतःची लाज वाटली. मी म्हणालो, "नसीम, माझं वर्गमुळात अडलं होतं." तिनं गंभीरपणे वही उघडली, जुनी ओळ खोडली आणि वर 'वर्गमूळ' असं लिहिलं.

सरांना तिनं सांगितलं की विद्यार्थी नाव द्यायला तयार नाही. मग वेल्ह्याला जाऊन सात दिवस खड्डे खणले, हाताला फोड आणले. तिच्या सेवेचे तास भरले ते खड्ड्यांचे. वेबसाईटचा एकही धरला गेला नाही.

जूनमध्ये दहावीचा निकाल इंटरनेटवर लागला. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. नसीम दोन नंबरवर बसून एकेकाचा निकाल काढून देत होती. गर्दीतून रफीकभाई पुढं आले आणि त्यांनी एक चिठ्ठी तिच्यापुढं धरली.

"दोस्ताच्या पोराचा नंबर हाय. बघ बरं."

नसीमनं चिठ्ठीकडं न बघताच नंबर टाईप केला. बऱ्याच वेळानं पान उघडलं. वर पूर्ण नाव होतं, आडनावासकट. आम्ही तिघांनीही ते वाचलं आणि तिघांनीही वाचलं नाही असं दाखवलं. गणित काठावर, पण सुटलं होतं.

"पास हाय अब्बा, तुमच्या दोस्ताचा पोरगा."

रफीकभाईंनी चिठ्ठीची बारीक घडी घालून ती वरच्या खिशात ठेवली. "सांगतो त्याला," म्हणाले. दारापर्यंत गेले आणि तसेच परत आले. मागची पोरं ढकलाढकली करत होती, त्यांच्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"त्या वेबसाईटवर अकरावीचं बी असतंय का गं? त्यो इचारत हुता."

"न्हाई," नसीम म्हणाली. तिनं मान वर केली नाही. नाक तेवढं ओढणीला पुसलं. "टाकते."

मी रांगेतल्या पोरांना थोडं थांबायला सांगितलं आणि एक कोरा कागद तिच्यापुढं सरकवला.